सांख्यिकीय आलेख

आकडेवारीतील फरक, कल वा परस्परसंबंध स्थान, लांबी, क्षेत्रफळ, रंग यांच्या साहाय्याने नजरेस आणून देणारी आकृती. रेषालेख, स्तंभालेख व वृत्तालेख हे तिचे परिचित प्रकार.

उगम : जनकत्वाचा मान सामान्यतः स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) याला दिला जातो. त्याच्या १७८६ च्या व्यापारविषयक ग्रंथात रेषालेख व स्तंभालेख, तर १८०१ च्या पुस्तकात वृत्तालेख आढळतो. काही अभ्यासक उगम बराच मागे नेतात. ग्रहांच्या गतीची वक्ररेषा दाखवणारे एक युरोपीय हस्तलिखित बहुधा दहाव्या-अकराव्या शतकातले असावे. चौदाव्या शतकात फ्रेंच विद्वान निकोल ओरेम याने बदलती परिमाणे उभ्या रेषांनी दाखवली. परंतु या दोन्हींत प्रत्यक्ष जमवलेले आकडे नसल्याने त्यांना पूर्वसूरी म्हणणेच योग्य ठरेल. खगोलज्ञ मायकेल व्हान लांग्रेन याची १६४४ मधील आकृती अधिक विचारार्ह आहे. टोलेडो व रोम यांच्या रेखांशांतील अंतराचे १२ अंदाज त्याने एकाच आडव्या रेषेवर, ते करणाऱ्यांच्या नावांसह मांडले. कोष्टकात हे आकडे वर्षांच्या वा नावांच्या क्रमाने लागले असते. रेषेवर मात्र त्यांच्यातील प्रचंड तफावत एका दृष्टिक्षेपात उघडी पडते. खरे अंतर सुमारे १६.५ अंश असून सर्वच अंदाज त्याहून जास्त होते.

प्लेफेअरचा स्तंभालेख निरुपायातून जन्मला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. काळाची रेषा काढणे शक्य नव्हते, म्हणून १७ देशांशी झालेली आयात-निर्यात त्याने आडव्या पट्ट्यांनी दाखवली. हा प्रकार त्याला स्वतःला दुय्यम वाटे. व्यक्तींचे आयुष्यकाल आडव्या रेषांनी दाखवणाऱ्या, जोसेफ प्रिस्टली या इंग्रज विद्वानाच्या १७६५ च्या कालपटाचा त्याच्यावर प्रभाव होता, हे मत ग्राह्य दिसते.

वाचनातील अचूकता : क्लीव्हलंड व मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८४ मधील प्रयोगांनुसार समान मोजपट्टीवरील स्थान डोळा सर्वांत अचूक वाचतो, लांबी व कोन त्याखालोखाल येतात, क्षेत्रफळ त्याहून मागे. परिचर्येच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५८ च्या आलेखात सैनिकांचे मृत्यू केंद्राभोवतीच्या पाकळ्यांनी दाखवले असून पाकळीचे क्षेत्रफळ मृत्युसंख्येच्या प्रमाणात आहे. त्यामुळे मृत्यू चौपट झाले तरी पाकळीची लांबी दुप्पटच होते, आणि लांबीवर नजर ठेवणारा वाचक फरक कमी लेखतो. उलट दिशेची चूक तोडलेल्या अक्षाने होते : ५० व ५२ यांचे स्तंभ ४८ पासून सुरू केले, तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट दिसतो. स्तंभाची लांबीच वाचली जात असल्याने तेथे अक्ष शून्यापासून असणे आवश्यक. रेषालेखात उताराकडे पाहिले जाते, म्हणून तेथे हे बंधन नाही.

सरासरी पाहून आलेख टाळणे किती धोक्याचे आहे, हे संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम याने १९७३ मध्ये दाखवले. त्याच्या प्रत्येकी ११ बिंदूंच्या चार संचांत माध्ये, विचरण (आकड्यांच्या विखुरलेपणाचे माप) व सहसंबंध जवळपास तंतोतंत जुळतात. आलेख काढल्यावर एकात सरळ कल, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात रेषेबाहेर गेलेला एक बिंदू दिसतो. चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत असून दूरवरचा अकरावा बिंदू एकटाच बिंदूंना जुळवलेल्या रेषेचा उतार ठरवतो.