महागडा ब्युटी कोर्स म्हणजे जास्त पगार?

‘लाख-दीड लाखाचं इंटरनॅशनल सर्टिफिकेट असल्याशिवाय पार्लर काढता येत नाही, चांगला पगारही मिळत नाही,’ हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्रात पार्लर चालवायला अशा सर्टिफिकेटची कायदेशीर अट नाही. कामगार थोडेच असतील तर शॉप ॲक्टखाली (दुकानांच्या कायद्याखाली) नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. आयटीआयमध्येही कॉस्मेटॉलॉजीचा (पार्लरच्या कामाचा) एक वर्षाचा ट्रेड आहे, तोही दहावीनंतर.

आता हिशेब. धरा, खासगी कोर्सची फी १,५०,००० आणि किट २५,००० रुपये. त्या सर्टिफिकेटमुळे पगार महिन्याला ३,००० रुपये जास्त मिळाला, तरी १,७५,००० वसूल व्हायला ५९ महिने लागतात. कर्जाचं व्याज वेगळंच. हा ३,००० चा फरक क्लासवाल्यांना विचारू नका; जवळच्या तीन-चार सलूनमध्ये जाऊन असं सर्टिफिकेट असलेल्या आणि नसलेल्या नवशिक्या मुलीला सुरुवातीला किती देतात ते विचारा. ट्रायलचे दिवस बिनपगारी असतात का, हेही.

अनेक सलूनमध्ये मुलाखतीला सर्टिफिकेटपेक्षा हातचं काम बघतात. थ्रेडिंग करून दाखवायला सांगतात. कातडी ताणून धरली नाही तर दोऱ्यात चिमटते, दोरा केसांच्या उलट दिशेने फिरला नाही तर केस मुळापासून न निघता तुटतो आणि चार दिवसांत खुंट दिसतात. हे डमीवर शिकता येत नाही. म्हणून फी भरण्याआधी लेखी घ्या: प्रत्यक्ष माणसांवर किती थ्रेडिंग, वॅक्सिंग, हेअरकट करायला मिळतील, किट फीमध्ये आहे का आणि कोर्स मध्येच सोडला तर किती पैसे परत मिळतील.