टेक्स्चर पेस्ट कशी लावावी? हत्यारं घरातलीच चालतात

टेक्स्चर पेस्ट म्हणजे मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या मूर्तीच्या, बेसवर (पायाखालच्या चकतीवर) माती-खडकाचा पोत आणणारी कणीदार अ‍ॅक्रिलिक पेस्ट. आमच्या दुकानात तिची डबी घेताना बहुतेक ग्राहक विचारतात, "लावायला वेगळं काही घ्यावं लागेल का?" नाही. पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) असेल तर छानच, पण 25 किंवा 32 मिलिमीटरच्या गोल बेसला आइस्क्रीमची काडी, टूथपिक, मुदत संपलेलं एटीएम कार्ड आणि जुना टूथब्रश एवढ्यावर भागतं. म्हणूनच आम्ही हत्यारांचे संच विकायला ठेवत नाही. तो पैसा चांगल्या ब्रशवर घालवा.

आधी बारीक की जाड, ते ठरवा. 28 मिलिमीटर उंचीच्या मिनिएचरपुढे पेस्टमधला 1 मिलिमीटरचा कण साधारण 6 सेंटिमीटरच्या दगडाएवढा होतो, म्हणजे मुठीत मावेल असा धोंडा. तीन इंची मावळ्यापुढे तोच कण दोन-सव्वादोन सेंटिमीटरची खडी वाटतो. त्यामुळे छोट्या मिनिएचरला बारीक पेस्ट आणि दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांना जाड.

पेस्टखालचा पृष्ठभाग

प्लॅस्टिकचा बेस गुळगुळीत असतो. त्यावर सँडपेपर फिरवा, नाहीतर वाळलेली पेस्ट पापुद्र्यासारखी सुटते. प्लास्टर ऑफ पॅरिस पेस्टमधलं पाणी पटकन शोषून घेतं, म्हणून त्याला आधी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या. शाडूच्या कच्च्या मूर्तीला मात्र जपा. पेस्ट पाण्यातली आहे आणि शाडू पाण्याने विरघळते. तळ आणि पाय वॉर्निशने बंद केल्याशिवाय तिथे पेस्ट लावूच नका.

लावताना

काडीचं टोक ब्लेडने तिरकं कापा आणि घासून गुळगुळीत करा. काडी पाण्यात बुडवून फडक्यावर टिपून घ्या. कोरडी काडी पेस्ट ओढत नेते, ओलसर काडी वरून सरकते. फरक पहिल्याच हाताला कळतो. वाटाण्याएवढी पेस्ट पायांजवळ ठेवा आणि तिथून कडेकडे ओढा. दोन पायांमधल्या चिंचोळ्या जागेत काडी शिरत नाही. तिथे बारीक पेस्ट मेंदीच्या रिकाम्या कोनात भरून, टोक जरासं कापून सोडा. मिनिएचरच्या पायातल्या जोड्यांवर चढलेली पेस्ट ओल्या ब्रशने लगेच काढा. वाळल्यावर खरवडायला गेलात तर खालचा रंगही निघतो. बेसची कड ओल्या बोटाने पुसून घ्या.

थर 1 ते 2 मिलिमीटरच ठेवा. पाणी उडतं तशी पेस्ट आक्रसते आणि जाड थर तडकतो. उंचवटा हवा असेल तर आधी बुचाचा किंवा थर्माकोलचा तुकडा चिकटवा आणि पेस्ट त्यावर पातळच लावा.

सगळा बेस एकसारखा सारवू नका. जमीन कुठे खरबरीत असते, कुठे पायाखाली दबून सपाट झालेली असते. अर्ध्या भागावर टूथब्रश उभा धरून टोचा, उरलेला तसाच राहू द्या. खडकासाठी पेस्ट किंचित आवळली की चुरगळलेल्या फॉइलचा बोळा तिच्यावर दाबून उचला. आपल्याकडचे डोंगर लाव्हाच्या थरांचे आहेत, म्हणून नाशिकजवळच्या अंजनेरीचे किंवा रामशेजचे कडे आडव्या पट्ट्यांचे दिसतात. एटीएम कार्डाची कड खडकाच्या बाजूने आडवी दाबत गेलात तर तशाच पट्ट्या उमटतात. हे एवढं केलं तरी बेस सह्याद्रीतला वाटू लागतो.

वाळवणं आणि रंग

रात्रभर घरात सावलीत ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात वरची साय आधी धरते आणि खालची ओल अडकून भेगा पडतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्या नाशिककडे रात्री पारा 10 अंशांखाली जातो. एवढ्या गारठ्यात अ‍ॅक्रिलिक नीट जुळून येत नाही आणि पेस्ट भुसभुशीत राहते, म्हणून गॅलरीत ठेवू नका. पावसाळ्यात आणखी एक दिवस द्या.

किल्ल्यावरच्या मावळ्याखाली वाळवंटी पिवळा रंग पाहिला की आम्हाला वाईट वाटतं. आपला दगड काळा बेसॉल्ट आणि माती काळी किंवा मुरमाची तांबूस. आधी काळपट तपकिरी रंग मुरवा. मग ब्रशवरचा करडा रंग कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि ब्रश फक्त उंचवट्यांवरून फिरवा. गवताला नारळाच्या काथ्याचे धागे बारीक कापून फेव्हिकॉलवर उभे करा. दिवाळीच्या सुमारास डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागलेलं असतं, तेव्हा काथ्याला वेगळा रंग द्यायचीही गरज नाही. पाचोळ्यासाठी चहाचा चोथा चालतो, फक्त तो कडकडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

काम झाल्यावर काड्या आणि ब्रश आधी कागदाला पुसा, मग एखाद्या डब्यातल्या पाण्यात धुवा. सिंकमध्ये धुतलेले कण पाइपात जाऊन बसतात. डबीच्या काठावरची पेस्ट पुसल्याशिवाय झाकण लावू नका. पेस्ट थोडी घट्ट झाली तर थेंब-थेंब पाणी घालून ढवळा. आतच गोळे झाले असतील तर पाण्याने ती परत मऊ होत नाही. मग नवीन डबी घ्यावी लागते.