मार्टिन्स कोव्ह इथली मिशनरी गाइडची सेवा

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात कॅस्पर शहराच्या नैऋत्येला, स्वीटवॉटर नदीजवळ, खडकाळ डोंगराच्या कुशीत मार्टिन्स कोव्ह नावाची एक खोलगट जागा आहे. 1856 च्या नोव्हेंबरमध्ये हातगाड्या ओढत युटाकडे निघालेल्या शेकडो मॉर्मन लोकांनी (मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) बर्फ आणि वाऱ्यापासून वाचायला इथे आसरा घेतला होता. आज इथे येणाऱ्यांना माहिती सांगायला पगारी गाइड नसतात, मॉर्मन चर्चचे मिशनरी असतात, त्यातली बरीचशी रिटायर झालेली जोडपी, जी घरदार, नातवंडं सोडून स्वतःच्या खर्चाने काही महिने किंवा त्याहून जास्त काळ इथे येऊन राहतात. पुरुषाला एल्डर म्हणतात आणि बाईला सिस्टर.

गाइड जी गोष्ट सांगतात ती थोडक्यात अशी. युरोपातून आलेल्या गरीब लोकांना बैलांच्या वॅगन परवडत नव्हत्या म्हणून 1856 ते 1860 मध्ये हातगाड्यांच्या दहा तुकड्या गेल्या, माणशी सामान फक्त 17 पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास, त्यातच कपडे, अंथरूण सगळं. जेम्स विली आणि एडवर्ड मार्टिन यांच्या तुकड्यांना आयोवातून निघायलाच जुलैचा मध्य आणि अखेर उजाडली, गाड्या घाईत ओल्या लाकडाच्या केलेल्या, पुढे कोरड्या हवेत लाकूड आकसलं आणि चाकं खिळखिळी झाली. 19 ऑक्टोबरला मार्टिनची माणसं नॉर्थ प्लॅट नदीतून चालत पार झाली आणि त्याच दिवशी बर्फ सुरू झालं. चर्चचे तेव्हाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी 5 ऑक्टोबरला युटातल्या सॉल्ट लेक सिटीतल्या सभेत मदतीची हाक दिली होती, दोन दिवसांत मदतीच्या वॅगन निघाल्याही, तरी दोन्ही तुकड्यांचे मिळून 200 च्या वर लोक दगावले.

इथे गाइडची खरी कसोटी लागते. श्रद्धेची गोष्ट सांगायला सोपी असते, पण चूक कुठे झाली तेही सांगावं लागतं, आणि माझ्या मते ते सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होतच नाही. विलीच्या तुकडीतल्या लेव्ही सॅव्हेज यांनी वाटेतल्या नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की इतक्या उशिरा म्हातारी माणसं आणि पोरंबाळं घेऊन निघू नका, लोकांनी ऐकलं नाही, तरी ते पाठ न फिरवता बरोबर गेले.

बाकी काम साधंच, पण अंगमेहनतीचं. हातगाड्या दुरुस्त करायच्या, टॉयलेट साफ करायची, उन्हाळ्यात त्या प्रवासाची आठवण म्हणून जुन्या काळासारखे लांब स्कर्ट आणि बॉनेट घालून हातगाड्या ओढायला येणाऱ्या पोरापोरींच्या ग्रुपना रस्ता दाखवायचा, पाणी पीत राहा म्हणून सांगायचं, कारण जागा 6,000 फुटांच्या आसपास उंचीवर आहे आणि वारा सारखा असतो. कोणी आपल्या खापरपणजीचं नाव घेऊन आलं की ती कोणत्या तुकडीत होती ते बघायला मदत करायची, आणि अशा वेळी गाइडने कमी बोलून समोरच्याला बोलू द्यावं.

शेजारच्या सन रँच नावाच्या रँचचा भाग चर्चने 1996 च्या सुमारास घेतला आणि 1997 ला व्हिजिटर सेंटर सुरू झालं, पण कोव्हची जमीन केंद्र सरकारची आहे, 2003 च्या कायद्याने ती चर्चला भाड्याने मिळाली, सरकारी जागा धर्मसंस्थेला दिली यावरून कोर्टकचेरी झाली आणि 2006 ला तडजोड झाली. त्यामुळे इतिहास सांगताना धर्मप्रचार कुठे सुरू होतो याचं भान गाइडला ठेवावंच लागतं, येणारा प्रत्येक जण मॉर्मन नसतो.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक धागा मुद्दाम सांगण्यासारखा. ह्यू फिंडले हे मिशनरी 1852 ला मुंबईत आले आणि पुण्यातही त्यांनी छोटी मंडळी जमवली. एलिझाबेथ झेवियर टेट या मुंबईत जन्मलेल्या बाई, नवरा विल्यम टेट स्कॉटिश सैनिक, तो आधी युटाला गेला आणि या मागून 1856 ला विलीच्या तुकडीबरोबर गेल्या. मुंबईच्या उकाड्यात वाढलेली बाई त्या बर्फातून चालत गेली आणि जिवंत पोचली, त्यामुळे मराठी माणूस तिथे गेला तर गाइडला त्यांच्याबद्दल जरूर विचारावं.