हेगमधलं न्यायालय एकच नाही

कुलभूषण जाधवांचं प्रकरण ऐकणारं आणि पुतिन यांच्यावर वॉरंट काढणारं हेगचं न्यायालय एकच, हा समज बरीच वर्षं फिरतोय. साफ चूक. जाधव प्रकरणाचा २०१९चा निकाल संयुक्त राष्ट्रांच्या न्यायालयाचा. तिथे देश भांडतात, तुरुंगात कुणी जात नाही. युद्धगुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं, पुतिन यांच्यावरचं वॉरंट त्याचं. १९९८च्या रोम करारातून ते उभं राहिलं, २००२मध्ये अस्तित्वात आलं, आणि ते संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही. पहिली शिक्षा २०१२मध्ये काँगोच्या थॉमस लुबांगाला: लहान मुलांना लढाईत उतरवल्याबद्दल १४ वर्षं. पोलीस मात्र या न्यायालयाचे स्वतःचे नाहीत, म्हणूनच २०२४मध्ये पुतिन या न्यायालयाचा सदस्य देश असलेल्या मंगोलियात पाहुणचार घेऊन आरामात परतले. भारत तर सदस्यच नाही. रोमच्या मतदानात तो तटस्थ राहिला होता.