डास म्हणजे ‘उडती सुई’ नव्हे

डास मलेरियाचे परजीवी नुसते इकडून तिकडे नेतो, हा समज चुकीचा आहे. अ‍ॅनोफिलीस गॅम्बी डासात शिरलेले बहुतेक परजीवी त्याच्या पोटातच मारले जातात. हे कळलं एकेक जनुक बंद करून पाहिल्यावर. मादीच्या छातीत ६९ नॅनोलिटर दुपदरी आरएनए (हवं ते जनुक बंद पाडणारा रेणू) टोचायचा, तीन-चार दिवसांनी प्लाझमोडियम बर्घाय या उंदरांच्या मलेरिया-परजीवीची लागण झालेल्या उंदराचं रक्त पाजायचं. नंतर डास २१ अंशांवरच ठेवायचे. २७ वर हा परजीवी नीट वाढत नाही, आणि निकाल फसवा येतो. सात ते दहा दिवसांनी आतडं काढून ऊसिस्ट, म्हणजे आतड्याच्या भिंतीवर वाढणाऱ्या परजीवीच्या गाठी, मोजायचे. २००४ मध्ये टीईपी१ हे डासाचं जनुक बंद केल्यावर ते सुमारे पाचपट भरले. या जनुकापासून बनणारं प्रथिनच परजीवीला चिकटून त्याचा निकाल लावतं. तुलनेच्या डासांनाही लॅकझेड या डासात नसलेल्या जनुकाचा आरएनए टोचावाच लागतो, कारण सुईच्या जखमेनेसुद्धा प्रतिकारशक्ती जागी होते.