‘मार्चपर्यंत रिझल्ट आला तरी चालतो’ हे अर्धंच खरं आहे

नीट-पीजीचं गणित आपल्याला तोंडपाठ आहे. एक परीक्षा, एक रँक, मग कौन्सेलिंग. रिझल्ट लागल्याशिवाय पसंतीक्रम भरायचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीत (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणात) मात्र अर्ज आधी जाऊ शकतो आणि स्कोअर मागून. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

दर ऑगस्टमध्ये कुणीतरी ज्युनिअर विचारतो, “दादा, सप्टेंबरच्या शेवटी स्टेप टू सीके दिली तर चालेल ना?” (स्टेप वन आणि स्टेप टू सीके या यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवाना-परीक्षेच्या पायऱ्या.) आणि दर वेळी कुणीतरी बिनधास्त सांगून टाकतं, “मार्चपर्यंत रिझल्ट आला की झालं.” हे वाचलं की माझा जीव तुटतो. सांगणारा खोटं बोलत नसतो, पण तो भलत्याच तारखेबद्दल बोलत असतो.

२०२६ च्या मॅचचंच, म्हणजे उमेदवार आणि रेसिडेन्सी प्रोग्राम्स यांच्या जोड्या लावण्याचंच, उदाहरण घ्या. प्रोग्राम्सना इरासवरचे अर्ज उघडून बघता आले २४ सप्टेंबर २०२५ पासून. एनआरएमपीकडे रँक लिस्ट (पसंतीक्रमाची यादी) पक्की करायची शेवटची तारीख होती ४ मार्च २०२६. मधे पाच महिन्यांहून जास्त काळ आहे. (इरास म्हणजे अर्ज पोचवणारी व्यवस्था, एनआरएमपी म्हणजे जोड्या लावणारी, नोंदणी दोन्हीकडे वेगळी करायची. यात याहून जास्त काही नाही.)

मार्चची तारीख पात्रतेची आहे. ईसीएफएमजी (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणारी संस्था) हिच्या प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या परीक्षा तोपर्यंत पास झालेल्या नसतील, तर परदेशात शिकलेल्या उमेदवाराला मॅचमधून काढलं जातं, मग एखाद्या प्रोग्रामने त्याला पहिल्या नंबरवर ठेवलेलं का असेना. स्टेप वन आणि स्टेप टू सीकेबरोबर ओईटी (इंग्रजीची परीक्षा) आणि पाथवेज (क्लिनिकल कौशल्यांची पडताळणी) हेही त्यातच आले, हे पुष्कळ जण विसरतात.

सप्टेंबरची तारीख अर्ज वाचला जाण्याची आहे. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला नुसता पास-नापास शेरा मिळतो. म्हणजे अर्ज करताना बहुतेकांकडे तीन आकडी स्कोअर म्हणून दाखवायला उरतो तो फक्त सीकेचा. प्रोग्रामकडे अर्जांचा ढीग येतो, तो चाळणी लावूनच उपसला जातो आणि त्या चाळणीत सीकेचा स्कोअर घालता येतो. ज्याचा स्कोअर आलेलाच नाही, त्याचा अर्ज अशा ठिकाणी कुणाच्या डोळ्यांसमोरही येत नाही. त्याला नकार मिळालेला नसतो, तो वाचलाच गेलेला नसतो. मार्चपर्यंत तुम्ही नियमानुसार पात्र असाल, पण इंटरव्ह्यूच आला नाही तर रँक लिस्टमध्ये लिहिणार काय?

म्हणून उलटी मोजणी करा, आणि तीही रिझल्टच्या तारखेपासून. परीक्षेची तारीख ही रिझल्टची तारीख नव्हे. सीकेचे रिझल्ट साधारणपणे बुधवारी लागतात आणि बहुतेकांचे चार आठवड्यांत येतात. पण उशीर होऊ शकतो, म्हणून आठ आठवडे हाताशी ठेवा असं यूएसएमएलईवालेच सांगतात. २४ सप्टेंबरपासून आठ आठवडे मागे गेलात की ३० जुलै येतो. माझ्या मते सीके जुलैअखेर झालेली असावी. ऑगस्टचा पहिला पंधरवडा म्हणजे धोका पत्करणं, आणि सप्टेंबरमध्ये परीक्षा देऊन त्याच हंगामात अर्ज करायचा सल्ला मी कुणालाही देत नाही.

तयारी नसेल तर? तर तारीख पुढे ढकला आणि पुढच्या वर्षी अर्ज करा. इथे नीट-पीजीची सवय नडते. तिथे पुढच्या वर्षी पुन्हा बसून रँक सुधारता येते. इथे एकदा पास झालात की स्कोअर वाढवायला पुन्हा बसता येत नाही, आणि नापास झालात तर तो प्रयत्न ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत निकालपत्रकावर) कायमचा राहतो. फक्त चांगले निकाल निवडून पाठवायची सोय नाही. घाईत दिलेली सीके ही वाया गेलेल्या वर्षापेक्षा महाग पडते.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे माझ्या एका ज्युनिअरचा हंगाम हातचा गेला. तिने ६ सप्टेंबरला परीक्षा दिली, १ ऑक्टोबरला रिझल्ट आला. स्कोअर चांगला होता. तिने पीडीएफ उतरवून घेतली, घरी फोन केला आणि इंटरव्ह्यूची वाट बघत बसली. नोव्हेंबरच्या मध्यावर मी तिच्याशेजारी बसून तिचं इरास खातं उघडलं, तर प्रत्येक प्रोग्रामपुढे ट्रान्सक्रिप्ट पाठवल्याची तारीख सप्टेंबरचीच. म्हणजे त्यांच्याकडे फक्त स्टेप वनचा पास शेरा होता. तिला वाटलं होतं की नवा स्कोअर आपोआप जातो. तो जात नाही. तुमच्या हातात आलेला रिझल्ट वेगळा आणि प्रोग्रामकडे गेलेला ट्रान्सक्रिप्ट वेगळा. ट्रान्सक्रिप्ट पुन्हा पाठवायची विनंती आपणच करायची असते. आम्ही ती तिथल्या तिथे केली, पण तोवर बहुतेक ठिकाणची इंटरव्ह्यूची आमंत्रणं वाटून झाली होती.

तेव्हा रिझल्ट अर्जानंतर येणार असेल, तर त्या बुधवारी घरी फोन करण्याआधी इरास उघडा, ट्रान्सक्रिप्ट पुन्हा पाठवा आणि दोन दिवसांनी प्रत्येक प्रोग्रामपुढची तारीख बदलली आहे का ते स्वतः तपासा.