मोहाचा हंगाम आणि सातपुड्यातलं अस्वल

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की यावल, चोपडा, धडगाव, अक्कलकुवा या पट्ट्यात अस्वलाच्या गोष्टी सुरू होतात. मोहाची फुलं उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत टपटपत राहतात. पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. त्याच वेळी, त्याच फुलांसाठी अस्वलही आलेलं असतं. माणूस आणि अस्वल यांच्यातल्या कितीतरी झटापटींचं मूळ या एका वेळेत आहे.

अस्वल माणूस खायला येत नाही, हे ठासून सांगायला हवं. वाळवी आणि मुंग्या हे त्याचं मुख्य खाणं. लांब नख्यांनी वारूळ फोडायचं, नाकपुड्या मिटायच्या, ओठ नळीसारखे पुढे काढून वाळवी ओढून घ्यायची. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ती आत जाते. हा फुरफुराट बराच लांब ऐकू येतो. उन्हाळ्यात मोह, टेंभुरणं, जांभळं, बहाव्याच्या शेंगा, मध, हिवाळ्यात बोरं. त्याचं नाक तिखट, पण नजर अधू. खाण्यात गढलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ आल्यावरच कळतो, आणि मग ते पळण्याऐवजी अंगावर येतं. वाघाच्या जंगलात वाढलेल्या, झाडावर चढून सुटका न होणाऱ्या या जनावराची ती जुनी सवय आहे. पिल्लं सोबत असली तर विचारायलाच नको. हिवाळ्यात गुहेत जन्मलेली एक-दोन पिल्लं पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून फिरतात.

१७९१ साली इंग्रज निसर्गअभ्यासक जॉर्ज शॉ याने या प्राण्याचं वर्णन केलं, तेव्हा नख्या आणि दात पाहून त्याला स्लॉथच्या, म्हणजे अमेरिकेतल्या झाडांना लटकणाऱ्या संथ प्राण्यांच्या गटात टाकलं होतं. चूक लवकरच सुधारली.

खानदेश १८१८ साली इंग्रजांकडे गेला तेव्हा लढाया आणि लुटींनी गावं ओस पडली होती, रान शिवारात घुसलं होतं. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली आणि भिल्लांना सोबत घेऊन वाघ-अस्वलांची शिकारही केली. पण बंदुकीपेक्षा नांगराने जंगल जास्त मागे रेटलं, असं मला वाटतं. १८६०च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव चढला आणि तापीकाठची जमीन पिकाखाली गेली. अस्वल उरलं ते डोंगरात. १८७८च्या वन कायद्याने डोंगरातलं जंगल राखीव करायचा मार्ग सरकारला मोकळा करून दिला, आणि तिथल्या माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर सरकारी परवानगीवर येऊन ठेपला.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. यावल अभयारण्य १९६९चं, अनेर धरणाचं १९८६चं. सीमेपलीकडे गुजरातने १९८२ साली डुमखल अभयारण्य खास अस्वलांसाठी घोषित केलं. पुढे ते वाढवून शूलपाणेश्वर झालं. म्हणजे अक्कलकुव्याच्या डोंगरांना लागूनच अस्वलांचं मोठं घर आहे. या तुकड्यांमधलं रान मात्र तोड, अतिक्रमण आणि वणव्यांनी विरळ होत चाललंय. फुलं नीट वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवतात, आणि तीच आग पुढे रानात पसरते. रान जळालं की अस्वलाची सावली आणि फळं जातात. मग गावाच्या बांधावरचा मोह त्याला जास्तच जवळचा वाटू लागतो.